चार दिवस कोरडी राहिलेली माती

दर रविवारी सकाळी आठ वाजता जुन्या फाट्यावर जमायचं, असं मंडळाचं ठरलेलं होतं. म्हणजे लोक साडेआठला यायचे आणि घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी पावणेआठला. उशिरा येणाऱ्याकडे ते एकदा बघायचे, मग मनगटाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तेवढ्यानेच समोरचा ओशाळून मुकाट्याने फावडं उचलायचा.

हा फाटा म्हणजे मोठ्या कालव्याची एक शाखा. पूर्वी तिच्यातून विटांच्या आणि धान्याच्या होड्या थेट गिरणीच्या मागच्या दाराला लागायच्या. पुढे ट्रक आले, होड्या बंद पडल्या, फाट्याच्या तोंडाशी फळ्या ठोकून पाणी अडवलं गेलं आणि चाळीस वर्षांत त्याने लोकांचं नको ते सगळं पोटात घेतलं. मोडक्या खुर्च्या, सायकली, एक अख्खा फ्रीज, आणि गाळ तर विचारूच नका. मग काही उद्योगी मंडळी एकत्र आली आणि त्यांनी ठरवलं की यात पुन्हा पाणी खेळवायचं, तेही स्वतःच्या हातांनी. लोक त्यांना 'गाळवाले' म्हणून हसायचे. गाळवाल्यांनी ते नाव आनंदाने लावून घेतलं.

गाळ उपसणं हे कष्टाचं काम, पण डोक्याचं नाही. खरी परीक्षा तळाला माती बसवताना. चिकणमाती भिजवायची, चार बोटं जाडीचा थर पसरायचा आणि अनवाणी पायांनी तुडवत राहायचं, तुडवत राहायचं, पोटऱ्या भरून येईपर्यंत. असे तीन थर. एक थर बसला की पुढच्या रविवारपर्यंत तो सुकता कामा नये, म्हणून त्यावर गोणपाट अंथरून रोज संध्याकाळी झारीने पाणी मारायचं. माती सुकली की तडकते. आणि तडकलेल्या मातीला वरून कितीही लिंपा, आतून ती पुन्हा सांधत नाही. ती फोडून, भिजवून, नव्याने तुडवावी लागते. प्रत्येकाला बारा पावलांचा तुकडा वाटून दिलेला होता. आणि गाळवाल्यांचा एक नियम होता, तो कुणीच मोडायचा नाही: आपला थर आपण झाकायचा नाही. शेजारच्या तुकडेवाल्याने त्यावर हात फिरवायचा, बोटं दाबून बघायची, आणि त्याने 'झाका' म्हटलं की मगच वरचा थर घालायचा.

घड्याळजींच्या शेजारचा तुकडा टेलरमास्तरांचा. बाजारातही दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून. तीस वर्षांत एकमेकांचा चहा प्यायला नाही असा दिवस नसेल. मास्तरांनी सत्तरी ओलांडली होती, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती आणि सुई ओवायला ते सुनेला हाक मारायचे. पण कापडावर बोटं ठेवली की उभा धागा कुठला, आडवा कुठला, हे न बघता सांगायचे. फाट्यावर ते यायला लागले तेही घड्याळजींच्या आग्रहामुळे. "तुझे असले हात फुकट का घालवायचे?" असं घड्याळजींनी त्यांना म्हटलं होतं, आणि म्हातारा त्या एका वाक्यावर खूश होऊन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरला होता.

घोळ झाला तो ऐन उन्हाळ्यात. कामावर देखरेख करायला मंडळाला एक माणूस नेमायचा होता. आपल्याशिवाय आहेच कोण, असं घड्याळजींनी मनात पक्कं धरलं होतं. नुसतं धरलं नव्हतं, बायकोला सांगूनही टाकलं होतं. आणि रविवारी मंडळींनी निवडलं कुणाला, तर सिस्टरना. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या बाई. वॉर्डात राउंड घ्यावा तशा बांधावरून फिरायच्या आणि छोट्या वहीत सगळं टिपून ठेवायच्या. कामाला चोख, यात वादच नाही. सगळ्यांनी हात वर केले तेव्हा घड्याळजींनीही हात वर केला, तोंड भरून अभिनंदनही केलं. पण पोटात जे दुखायला लागलं ते घरी पोहोचल्यावरही थांबेना.

आदल्या रविवारी त्यांनी आपल्या तुकड्याचा पहिला थर तुडवला होता आणि या रविवारी तो तपासून घेऊन त्यावर दुसरा. त्यावर रोज संध्याकाळी पाणी मारायचं होतं. त्या संध्याकाळी ते गेलेच नाहीत. सोमवारी संध्याकाळी बायको म्हणाली, "झारी घेऊन जायचं नाही का?" तर म्हणाले, "गुडघा दुखतोय." मंगळवारी गुडघा दुखला, बुधवारी दुखला. खरं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. आता सिस्टर आहेत ना, बघू देत त्यांना, आपण नसलो की कसं चालतं ते कळू दे. साठी ओलांडलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा रुसून बसला होता. आणि ऊन तर असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मात्र त्यांच्याच्याने राहवलं नाही. झारी घेऊन गेले आणि गोणपाटाचं टोक उचललं. गोणपाट वाळून कडक झालं होतं. खाली मातीवर भेगा. एक तर अशी लांब की तिच्यात नख आरपार जात होतं. मास्तरांच्या तुकड्याशी जिथे सांधा होता तिथून दोन पावलं आत, त्यांच्याच तुकड्यात.

करायचं काय ते त्यांना माहीत होतं. इतरांना तेच तर ते शिकवत आले होते. थर फोडायचा, भिजवायचा, पुन्हा तुडवायचा. दोन रविवारांचं काम. पण ते सगळ्यांच्या देखत करावं लागलं असतं. कुणीतरी विचारलं असतं, अहो, तुमची माती कशी सुकली? सिस्टरनी वही काढली असती. घड्याळजींनी इकडे तिकडे पाहिलं. बांधावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी ओंजळभर मातीची पातळ पेज केली, तळहाताने भेगांवर फासली, गुळगुळीत केली, गोणपाट भिजवून वर टाकलं आणि घरी आले. जेवताना बायकोने विचारलं, "गुडघा कसा आहे?" म्हणाले, "बरा आहे."

रविवारी मास्तर नियमाप्रमाणे थर बघायला आले. वाकले आणि हात पुढे केला. बोटं मातीला लागणार, एवढ्यात घड्याळजी हसत म्हणाले, "काय मास्तर, आता माझं काम तपासणार होय तू?"

मास्तरांनी हात मागे घेतला. "तुझं काय तपासायचं?" तेही हसले. "झाका."

तिसरा थर पडला. पुढचे पाच आठवडे सगळं सुरळीत चाललं. घड्याळजी तर ती गोष्ट जवळजवळ विसरलेही होते. माणसाला हवं ते विसरायला फार वेळ लागत नाही.

मग पाणी सोडायचा रविवार आला. तोंडाच्या फळ्या उचलल्या, आणि चाळीस वर्षांनी फाट्यात पाणी शिरलं. तपासणीपुरतंच, पहिल्या शंभर पावलांत, पुढे फळ्या लावून अडवलेलं. मास्तर आपल्या तुकड्यापाशी उभे राहून पाण्याकडे एकटक बघत होते. सिस्टरनी पाण्यात खुणेची काठी रोवली आणि पातळी वहीत लिहिली. कुणी काठावर बसून पाय बुडवले, आणि त्याबद्दल सिस्टरची बोलणी खाल्ली.

सोमवारी सकाळी बांधाच्या खालच्या अंगाला ज्याचा कारखाना होता तो सुतार सिस्टरच्या दारात उभा. त्याच्या फळ्यांची थप्पी खालून भिजली होती. पाणी काठीवर चार बोटं उतरलं होतं. तासाभरात दहा-बारा जण बांधावर जमले. बाहेरच्या बाजूला माती फुगून काळी पडली होती आणि तिच्यातून पाणी पाझरत होतं. नेमकं घड्याळजी आणि मास्तर यांच्या सांध्यापाशी.

घड्याळजींना बघताक्षणी कळलं. पाणी त्यांच्या भेगेतून खाली उतरलं होतं आणि दोन थरांच्या मधून वाट काढत सांध्यापाशी बाहेर फुटलं होतं. घड्याळात कुठला दात झिजला की कुठला काटा अडतो हे ओळखण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे कळायला कितीसा वेळ लागणार?

"हा सांधा कुणाचा?" सिस्टरनी विचारलं.

"इकडे घड्याळजी, तिकडे मास्तर," कुणीतरी म्हणालं. आणि सगळ्यांच्या नजरा मास्तरांकडे गेल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. आपसूकच गेल्या.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझंच असणार," ते म्हणाले. "डोळ्यांनी नीट दिसत नाही, पायांत पूर्वीचा जोर नाही. घड्याळजीचं काम चुकेल होय?"

बोलायची वेळ तीच होती. घड्याळजींनी खाली बघितलं आणि मनाशी म्हटलं, उद्या सांगू. मग त्या 'उद्या'चे दोन आठवडे झाले.

सिस्टर काही कठोर बाई नव्हत्या. त्यांनी मास्तरांना बाजूला घेऊन गोड शब्दांत सांगितलं की आता चिखलात उतरू नका, तुम्ही आपले बसून गोणपाटं शिवा, तेही मोठंच काम आहे. मास्तर 'बरं' म्हणाले. पुढच्या रविवारी ते बांधावर एका खोक्यावर बसून दाभणाने गोणपाटं शिवत होते, पँट न दुमडता, पायांत बूट घालून. येणारा जाणारा प्रत्येक जण त्यांच्याशी जरा जास्तच गोड बोलत होता. घड्याळजी त्या बाजूला फिरकलेच नाहीत.

रोज दुपारी मात्र ते न चुकता शेजारच्या दुकानात जायचे, चहा प्यायचे आणि मास्तरांची समजूत काढायचे. होय, समजूत! "होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस," म्हणायचे. "माती आहे, पुन्हा बसवू." मास्तर मान हलवायचे. काय म्हणावं या माणसाला? स्वतःचे हात झटकून दुसऱ्याच्या पाठीवरून फिरवत होता. ते त्याला कळत नव्हतं असंही नाही. रोज दुकानातून निघताना स्वतःचीच किळस यायची आणि दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा तिकडेच वळायचे.

एके दुपारी मास्तरांची सून दारातच भेटली. हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमचं ते ऐकतात. जरा बोला ना त्यांच्याशी. काल एकच बाही चार वेळा उसवली. दोन गिऱ्हाइकांना कापड परत केलं. म्हणतात, माझ्या हातांचा आता भरवसा नाही, कुणाच्या चांगल्या कापडाची नासाडी नको. आजपासून मशीनवर चादर टाकलीय."

घड्याळजींनी आत डोकावून पाहिलं. मास्तर खुर्चीत बसले होते आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होते, जणू ते दुसऱ्याच कुणाचे आहेत.

त्या रविवारी चहाच्या वेळी सिस्टर उभ्या राहिल्या. मास्तरांचा तुकडा आता मंडळातल्या प्लंबरकडे द्यावा, असं त्यांनी सुचवलं. मास्तर खोक्यावर बसून सुतळी ओढत होते, त्यांनी मान वर केली नाही. घड्याळजींच्या कानांत एकदम गरम झालं. हातातला कप त्यांनी जमिनीवर ठेवला आणि उठले.

"चूक माझीही असू शकते," ते म्हणाले.

बघा, काय बोलले. 'असू शकते.' 'आहे' म्हणायला उठले होते. उठताना तोंडात 'आहे'च होतं. पण पंचवीस तोंडं आपल्याकडे वळलेली बघितली आणि ते 'आहे' घशातच राहिलं. "सांधा दोघांचा आहे," ते पुढे म्हणाले. "एकट्या मास्तरांवर का ढकलायचं? माझा तुकडा काढून घ्या."

मग प्लंबर म्हणाला, "याला म्हणतात माणूस." सुतार, ज्याच्या फळ्या भिजल्या होत्या तो, तोही म्हणाला की असं मन देव सगळ्यांना देवो. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. सिस्टरचे डोळे भरून आले. तुकडे काढून घेण्याचा विषयच त्यांनी बंद केला. आणि मास्तर खोक्यावरून उठून, दाभण हातात तसाच घेऊन, चाचपडत चाचपडत आले, घड्याळजींचा हात दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांच्या देखत रडले. "माझ्यासाठी एवढं कोण करतं रे," म्हणाले.

घड्याळजींनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. टाळ्या चालूच होत्या.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "ऐकलं मी. खाली भाजीवालीसुद्धा सांगत होती. फार मोठेपणा दाखवलात म्हणे."

ते बूट काढत होते. एक बूट काढला, दुसरा हातात घेऊन तसेच बसून राहिले. आणि मग सगळं सांगितलं. निवडणूक, रुसवा, भेग, पेज, मास्तरांचा मागे घेतलेला हात. सांगताना एकदाही बायकोकडे बघितलं नाही. लाज अशी काही वाटत होती की अंगावरचे कपडेही नकोसे झाले होते.

बायको म्हणाली, "गुडघा दुखत नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस जिना दोन दोन पायऱ्या सोडून उतरत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, रुसलेत, चार दिवसांत उतरेल राग. तुमच्या रुसण्याने कुणाची मशीन बंद पडेल हे मला काय माहीत?" ती उठली. "मास्तरांच्या सुनेला उद्या मी तोंड कसं दाखवू, तेवढं सांगा."

सोमवारी घड्याळजींनी दुकान उघडलं, पण एकाही घड्याळाला हात लावला नाही. शेजारी चहालाही गेले नाहीत.

मंगळवारी सकाळी ते एकटेच फाट्यावर गेले. पाणी उपसून काढलेलं होतं. सांध्यापासून दोन पावलं मोजली आणि कुदळीने नाही, थापीने, हळूहळू वरचा थर खरवडला. चार बोटं खाली ती होती. फासलेली पेज वाहून गेली होती आणि भेग आता बोट जाईल एवढी रुंद झाली होती. त्यांनी भेगेसकट पावाएवढं ढेकूळ कापून काढलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं, बादलीत ठेवलं आणि बाजाराची वाट धरली.

त्या दिवशी तो रस्ता काही संपता संपेना. पेपरवाल्याने हात वर केला. "वा घड्याळजी, मानलं तुम्हाला." बेकरीच्या दारातून मालकीण म्हणाली, "अशी माणसं राहिली नाहीत हो आता." शाळेतल्या बाईंनी तर थांबवून विचारलं, मुलांशी दोन शब्द बोलायला याल का. घड्याळजी प्रत्येकाला मान हलवत होते आणि बादलीची कडी तळहातात रुतत होती. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, तसं त्यांना खरोखर वाटत होतं.

मास्तर दुकानात खुर्चीत बसले होते. सून काउंटरवर बटणं वेगळी करत होती. घड्याळजींनी कापायच्या टेबलावर बादली ठेवली, ढेकूळ काढलं आणि मास्तरांच्या हातात दिलं.

"काय आहे हे?"

"बघ."

मास्तरांनी ते डोळ्यांजवळ नेलं नाही. अंगठा फिरवला, फिरवत एका जागी थांबले. नख आत घातलं. "भेग आहे," ते म्हणाले. "आणि ही जुनी आहे. वरचा थर हिच्यावर नंतर पडलाय. ती आधीच सुकली होती." ते पुन्हा अंगठा फिरवायला लागले. "कुणाच्या तुकड्यातलं हे?"

"माझ्या. सांध्यापासून दोन पावलं आत."

मास्तरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. घड्याळजी रागाची तयारी करून आले होते. शिव्या ऐकायची, दुकानातून हाकलून घ्यायची, सगळी. पण मास्तर हसायला लागले. लहान मुलाने हरवलेली वस्तू सापडल्यावर हसावं तसे.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, ती तीन हातांवरच होती तरी. "माझं चुकलं नव्हतं गं. हे बघ. माझं नव्हतंच चुकलं." त्यांनी ढेकूळ खाली ठेवलं आणि मातीने भरलेले दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "मला वाटलं, हे गेले. संपलं आता. पण हे ठीक आहेत."

सुनेने तोंडाला पदर लावला. घड्याळजी टेबलाची कड धरून उभे होते. राग सोसायला बळ लागतं, ते त्यांनी गोळा करून आणलं होतं. हा आनंद मात्र त्यांना सोसवेना. या माणसाला आपण काय केलं होतं ते त्यांना आता कुठे पुरतं दिसलं.

"आणि बिचारा तू," मास्तर त्यांच्याकडे वळून म्हणाले. "तुला हे आत्ता कळलं असेल नाही? आज खोदलंस तेव्हा. लगेच घेऊन आलास."

हे बघा, दार आपणहून उघडलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. अगदी मान हलवली असती तरी भागलं असतं. चूक कुणाच्याही हातून होते, आणि जो आपली चूक स्वतः खोदून काढतो त्याला लोक डोक्यावर घेतात. पुन्हा टाळ्या पडल्या असत्या. हे सगळं घड्याळजींच्या मनात आलं. आलं नाही असं सांगण्यात अर्थ नाही.

"नाही," ते म्हणाले. "पाणी गळलं त्या सोमवारीच कळलं. त्याच्याही आधी. भेग पडली तेव्हा मीच बघितली होती. सिस्टरना निवडलं म्हणून रुसून चार दिवस पाणी मारलं नाही. गुडघा दुखतोय म्हणालो. मग वरून पेज फासली. तू बघायला हात पुढे केलास, तो मी हसण्यावारी नेऊन अडवला."

सुनेच्या हातातलं एक बटण खाली पडून घरंगळत गेलं. कुणी उचललं नाही.

मास्तरांचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं होतं, ते आता गेलं. "रोज इथे बसून माझी समजूत काढत होतास," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. नुसतं आठवून बघितल्यासारखं म्हणाले.

"हो."

"आणि परवा? मी तुझा हात धरून रडलो. सगळे टाळ्या वाजवत होते. तेव्हा तरी बोलायचंस. तेव्हा का गप्प बसलास?"

घड्याळजी उत्तर शोधायला लागले. भीती वाटली, असं सांगता आलं असतं. सिस्टरची, लोकांची. जीभ वळली नाही, असंही. दोन्ही थोडंथोडं खरं होतं. पण समोरचा माणूस न बघता उभा धागा आणि आडवा धागा सांगणारा होता, आणि घड्याळजींना खोटं बोलायचा आता वीट आला होता.

"बरं वाटत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"टाळ्या ऐकून. बरं वाटत होतं मला."

मास्तरांनी टेबलावरचं एक चिंधीचं टोक घेतलं आणि एकेक बोट पुसून काढलं. घाई केली नाही. घड्याळजी उभेच होते. त्यांना बस म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि म्हटलं नाही.

"रविवारी सांगशील सगळ्यांना?"

"सांगतो. तूही चल."

"मी नाही येणार. मी शेजारी उभा राहिलो की पुन्हा म्हणतील, मित्राखातर करतोय. तू एकटा जा." मास्तरांनी चिंधी बाजूला ठेवली. "मातीचं सांग. गुडघ्याचं सांग. माझा हात अडवलास ते सांग. आणि आत्ता म्हणालास ना, बरं वाटत होतं, तेही सांग. ते गाळू नकोस."

"सांगतो," घड्याळजी म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की त्यांचा त्यांनाच जेमतेम ऐकू आला.

"एवढ्या आवाजात नाही," मास्तर म्हणाले. "शेवटी उभा असेल त्यालाही ऐकू गेलं पाहिजे."